सहा संघांनी सोडलेला धावपटू : रहीम मोस्टर्ट

क्रीडा प्रतिनिधी

अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये नाव कमावणारे खेळाडू बहुधा एखाद्या शहराचे होऊन राहतात. त्यांच्या नावाचे सदरे विकले जातात, त्यांच्याभोवती संघाची रचना केली जाते. याच खेळात दुसराही एक वर्ग असतो. आज या शहरात तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात, अशी भटकंती करत तो आपली जागा टिकवण्याची धडपड करतो. फ्लोरिडातील रहीम मोस्टर्ट हा या दुसऱ्या वर्गातून वर आलेला खेळाडू. सप्टेंबर २०१५ ते नोव्हेंबर २०१६ या अवघ्या पंधरा महिन्यांत तो सहा संघांतून बाहेर पडला. सातव्या संघाने त्याला ठेवून घेतले आणि १९ जानेवारी २०२० रोजी त्याने या खेळाच्या इतिहासात पूर्वी कोणीही न केलेला पराक्रम केला. गुणवत्तेला उशिरा का होईना न्याय मिळाला, असा या कारकीर्दीचा अर्थ सहज लावता येतो. मात्र, त्या विक्रमानंतर काय घडले हे पाहिले, तर या व्यवसायात खेळाडूचे मोल त्याच्या कामगिरीपेक्षा त्याच्यावर आधी किती गुंतवणूक झाली यावर अधिक ठरते, असेच दिसून येते.

रनिंग बॅकचे काम

अमेरिकन फुटबॉलचे मैदान शंभर यार्डांचे असते. चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. ते साधले की पुन्हा चार प्रयत्न. पुढे सरकण्याचे मार्ग दोनच. क्वार्टरबॅकने चेंडू दूर फेकून सहकाऱ्याकडे पोहोचवायचा किंवा हातोहात दुसऱ्याकडे द्यायचा आणि त्याने तो घेऊन धावायचे. हे धावण्याचे काम ज्याचे, तो रनिंग बॅक. समोर दीडशे किलो वजनाच्या खेळाडूंची भिंत असते. तिच्यात क्षणभर पडलेल्या फटीतून त्याला निसटायचे असते. कबड्डीतील चढाईपटूला सात जण घेरतात. येथे अकरा जण टपलेले असतात आणि पकड म्हणजे पूर्ण वेगात येऊन आदळणे असते. एका सामन्यात असे वीस-पंचवीस वेळा घडते.

परिणामी या जागेवरील खेळाडूंचे शरीर लवकर झिजते. रनिंग बॅकची कारकीर्द सरासरी तीन वर्षेही चालत नाही, असा खेळाडूंच्या संघटनेचा आकडा अनेकदा उद्धृत केला जातो. गेल्या काही दशकांत खेळ फेकीकडे झुकला, तशी या जागेची प्रतिष्ठाही उतरली. रनिंग बॅक झिजतातच, मग त्यांच्यावर मोठी रक्कम कशाला गुंतवायची, एक गेला तर दुसरा तरुण व स्वस्त खेळाडू आणावा, असा विचार संघांच्या व्यवस्थापनांत रुजला. जुलै २०२३ मध्ये लीगमधील काही आघाडीच्या रनिंग बॅकनी घटत्या मानधनाबाबत एकत्रित चर्चा केली. तीतून हाती काही लागले नाही. पण ही अस्वस्थता मोठ्या नावांपर्यंत पोहोचली असल्याचे तीवरून स्पष्ट झाले.

त्रेपन्न जणांचे गणित

नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) ३२ संघ आहेत. दर वर्षी वसंत ऋतूत महाविद्यालयीन खेळाडूंची निवड सात फेऱ्यांत होते. २०१५ मध्ये या निवडीत २५६ जणांना घेण्यात आले. पहिल्या फेरीत निवडल्या गेलेल्या खेळाडूला कोट्यवधी डॉलरचा करार मिळतो आणि त्यातील मोठी रक्कम हमीची असते. त्यामुळे तो एक-दोन हंगाम चमकला नाही, तरी संघ त्याला सहसा सोडत नाही, कारण सोडले तर गुंतवलेला पैसा बुडतो. ज्याची निवडच होत नाही, त्याला मुक्त खेळाडू म्हणून सराव शिबिरात बोलावले जाते. त्याच्यावर फारसा खर्च झालेला नसतो, म्हणून त्याला काढून टाकणेही सोपे असते.

शिबिरात ९० जण असतात. हंगाम सुरू होण्यापूर्वी ही संख्या ५३ वर आणावी लागते. वगळलेल्या नवख्या खेळाडूला अन्य संघ चोवीस तासांत आपल्याकडे घेऊ शकतात. कोणी घेतले नाही, तर मूळ संघ त्याला सराव पथकात ठेवू शकतो. सराव पथकातील खेळाडू आठवडाभर संघाबरोबर घाम गाळतो, पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चालींची नक्कल करून मुख्य संघाची तयारी करून घेतो. मात्र २०१५ मध्ये सामन्याच्या दिवशी तो मैदानाबाहेर असे. २०१५ मध्ये सराव पथकात दहा जागा होत्या आणि किमान मोबदला आठवड्याला ६,६०० डॉलर होता. त्याच वर्षी मुख्य संघातील नवख्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार ४ लाख ३५ हजार डॉलर होता. सराव पथकात पूर्ण हंगाम काढला तरी त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा पदरात पडत असे आणि तो हंगाम पूर्ण होईल याची शाश्वती नसे. कोणा मुख्य खेळाडूला दुखापत झाली, त्याच्या जागी माणूस हवा झाला, की सराव पथकातील एखाद्याला निरोप दिला जातो. मोस्टर्टची पहिली दोन वर्षे याच गणितात गेली.

किनाऱ्यावरून पर्ड्यूकडे

मोस्टर्टचा जन्म ९ एप्रिल १९९२ चा. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू स्मर्ना बीच हे त्याचे गाव. लाटांवर फळी चालवणाऱ्यांचे आणि शार्कच्या चाव्यांसाठी कुप्रसिद्ध असलेले हे गाव. मोस्टर्टही लाटांवर रमणाऱ्यांपैकीच. त्याचा वेग मात्र जमिनीवर दिसला. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात तो फुटबॉल आणि अॅथलेटिक्स असे दोन्ही खेळ खेळला. २०११ मध्ये पहिल्याच हंगामात प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू परत आणण्यात सरासरी ३३.५ यार्ड काढून त्याने देशातील महाविद्यालयीन खेळाडूंत पहिला क्रमांक मिळवला. अॅथलेटिक्समध्ये २०१४ साली बिग टेन या विद्यापीठ गटाच्या मैदानी स्पर्धेत १०० आणि २०० मीटरच्या दोन्ही शर्यती त्याने जिंकल्या.

फुटबॉलमध्ये मात्र रनिंग बॅक म्हणून त्याला विद्यापीठात नियमित संधी मिळाली ती शेवटच्या टप्प्यावर. वेगवान आहे, पण आडदांड धक्के सोसत दिवसभर धावेल का, अशी शंका घेतली जाई. एनएफएलच्या २०१५ च्या निवडीत सातही फेऱ्या उलटल्या, तरी त्याचे नाव पुकारले गेले नाही.

पंधरा महिने, सहा संघ

पहिले बोलावणे आले ते फिलाडेल्फिया ईगल्सकडून. हंगामापूर्वीच्या सराव सामन्यांत मोस्टर्टने धावून, झेल घेऊन आणि चेंडू परत आणून मिळून संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक यार्ड मिळवले. तरीही अंतिम ५३ जणांत त्याला जागा मिळाली नाही. याचे कारण मैदानात नव्हते. ईगल्सने त्याच वर्षी डीमार्को मरे या नामांकित रनिंग बॅकशी पाच वर्षांचा, ४ कोटी डॉलरचा करार केला होता. रायन मॅथ्यूज आणि डॅरन स्प्रोल्स हेही संघात होते. चौथ्या माणसाने काहीही केले असते, तरी त्या यादीतील क्रम बदलणे अवघड होते.

ईगल्सच्या सराव पथकातून त्याला मायामी डॉल्फिन्सने उचलले. काही आठवड्यांत डॉल्फिन्सने सोडले, तेव्हा बाल्टिमोर रेव्हन्सने घेतले. डिसेंबरमध्ये रेव्हन्सनेही सोडले, तेव्हा क्लीव्हलंड ब्राउन्सने घेतले. एका हंगामात चार संघ झाले. २०१६ च्या हंगामापूर्वी ब्राउन्सने त्याला काढले. न्यूयॉर्क जेट्सच्या सराव पथकात तो काही दिवस राहिला, मग शिकागो बेअर्सकडे गेला आणि तेथूनही बाहेर पडला.

प्रत्येक बदलाचा अर्थ नवे शहर, नवे भाड्याचे घर आणि नवी भाषा असा होता. भाषा म्हणजे चालींची. प्रत्येक संघाच्या चालींना स्वतंत्र सांकेतिक नावे असतात. त्यांचे जाडजूड पुस्तक पाठ झाल्याखेरीज खेळाडू मैदानात उतरण्याच्या लायकीचा ठरत नाही. ते पाठ होते न होते तोच दुसऱ्या संघाचे पुस्तक हाती येई. भटक्या खेळाडूची गुणवत्ता दिसून न येण्यामागे हेही एक कारण असते. मोस्टर्टने आपल्याला कोणत्या संघाने कोणत्या तारखेला सोडले, याची यादी करून ठेवली आणि प्रत्येक सामन्यापूर्वी ती वाचण्याचा परिपाठ ठेवला. पुढे तो प्रसिद्धीस आल्यावर या यादीची बरीच चर्चा झाली.

२८ नोव्हेंबर २०१६ रोजी सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नायनर्सने त्याला सराव पथकात घेतले. त्या वेळी नायनर्सचे प्रशिक्षक होते चिप केली, म्हणजे २०१५ मध्ये ईगल्सचे प्रशिक्षक असलेलेच. हंगाम संपताच केली यांची गच्छंती झाली. मोस्टर्ट मात्र राहिला.

विशेष पथकाचा आधार

फेब्रुवारी २०१७ मध्ये काइल शानाहान नायनर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली मोस्टर्ट प्रथम टिकला तो रनिंग बॅक म्हणून नव्हे, तर विशेष पथकातील खेळाडू म्हणून. लाथेने उडवलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो, तेव्हा त्याच्या मागे धावत जाऊन झेलणाऱ्याला जागच्या जागी लोळवणे, हे या पथकाचे काम. टोकाच्या दोन खेळाडूंना यासाठी चाळीस-पन्नास यार्ड सुसाट धावावे लागते आणि वाटेत दोन-दोन जण त्यांना अडवत असतात. प्रेक्षकांच्या नजरेत न भरणारे, पण दुखापतीला हमखास निमंत्रण देणारे असे हे काम आहे. नामांकित रनिंग बॅक ते करत नाहीत. ज्याच्याकडे वेग आहे आणि नकार देण्याची सोय नाही, त्याच्यासाठी संघात राहण्याचा तो एक मार्ग असतो.

एनएफएलमधील पहिल्या तीन हंगामांत मिळून चेंडू घेऊन धावण्याची संधी मोस्टर्टला केवळ सात वेळा मिळाली. २०१७ चा हंगाम गुडघ्याच्या दुखापतीने अर्धवट सुटला. २०१८ मध्ये नायनर्सने जेरिक मॅकिनन या रनिंग बॅकशी चार वर्षांचा मोठा करार केला. पण हंगाम सुरू होण्यापूर्वीच मॅकिननच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि मागे उभ्या असलेल्यांना वाट मिळाली. १ नोव्हेंबर २०१८ रोजी ओकलंड रेडर्सविरुद्ध ५२ यार्ड धावत मोस्टर्टने कारकीर्दीतील पहिला टचडाउन नोंदवला. त्याच सामन्यात त्याचा हात मोडला आणि हंगाम संपला. त्या वर्षी ३४ संधींत त्याने २६१ यार्ड काढले होते. दर धावेमागे साडेसात यार्डांहून अधिक, ही सरासरी दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. मार्च २०१९ मध्ये नायनर्सने त्याच्याशी तीन वर्षांचा, ८७ लाख डॉलरचा करार केला. ही रक्कम मुख्यतः विशेष पथकातील खेळाडूची होती.

पद्धत आणि माणूस

शानाहान यांची धावण्याची पद्धत त्यांना वडिलांकडून मिळालेली. माइक शानाहान यांनी डेन्व्हर ब्रॉन्कोजला दोनदा विजेतेपद मिळवून दिले, ते सहाव्या फेरीत निवडल्या गेलेल्या टेरेल डेव्हिसला घेऊन. या पद्धतीत पुढची फळी समोर ढकलण्याऐवजी सगळी एका बाजूला सरकते. बचाव करणाऱ्यांनाही आडवे धावावे लागते आणि त्यांच्या रांगेत कोठेतरी खिंड पडते. रनिंग बॅकने ती हेरायची, एकदाच पाय रोवून दिशा बदलायची आणि सरळ सुटायचे. नाचत बसायला येथे जागा नाही. एका वळणानंतर शर्यतीतल्यासारखा वेग पकडणारा माणूस या पद्धतीला हवा असतो. मोस्टर्ट नेमका तसाच होता. सहा संघांत जे दिसले नव्हते, ते येथे दिसले, याचे श्रेय जेवढे त्याच्या जिद्दीला, तेवढेच या जुळणीला द्यावे लागते.

२०१९ च्या हंगामाची सुरुवात मात्र त्याने राखीव म्हणूनच केली. त्याच वर्षी अटलांटाहून आणलेला टेव्हिन कोलमन आणि मॅट ब्रीडा त्याच्या पुढे होते. १ डिसेंबरला बाल्टिमोरमध्ये, चार वर्षांपूर्वी त्याला सोडणाऱ्या रेव्हन्सविरुद्ध, पावसात झालेल्या सामन्यात त्याने १९ धावांत १४६ यार्ड काढले. नायनर्स तो सामना २०-१७ असा हरले. पण त्यानंतर मोस्टर्टला मागे ठेवणे शक्य राहिले नाही. हंगामाअखेर त्याच्या नावावर १३७ धावांत ७७२ यार्ड आणि धावून मिळवलेले आठ टचडाउन होते.

१९ जानेवारी २०२०

नॅशनल कॉन्फरन्सचा अंतिम सामना सांता क्लारा येथील लीव्हाइज स्टेडियमवर ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध होता. विजेत्याला सुपर बोलमध्ये प्रवेश मिळणार होता. पहिल्या टप्प्यात तिसऱ्या प्रयत्नात आठ यार्ड हवे होते. अशा वेळी फेक अपेक्षित असते. शानाहान यांनी चेंडू मोस्टर्टच्या हाती दिला आणि त्याने ३६ यार्ड धावून टचडाउन केला. दुसऱ्या टप्प्यात कोलमनचा खांदा दुखावला आणि सारा भार मोस्टर्टवर आला. मध्यंतराला नायनर्स २७-० असे पुढे होते. मोस्टर्टच्या नावावर तोवरच १६० यार्ड आणि तीन टचडाउन होते.

सामना ३७-२० असा संपला. मोस्टर्ट २९ वेळा धावला, २२० यार्ड काढले आणि चार टचडाउन केले. बाद फेरीच्या एकाच सामन्यात धावून दोनशेहून अधिक यार्ड आणि चार टचडाउन अशी कामगिरी करणारा तो पहिलाच खेळाडू ठरला. बाद फेरीत एका सामन्यात याहून अधिक यार्ड केवळ एरिक डिकरसनच्या नावावर होते. त्याने जानेवारी १९८६ मध्ये लॉस एंजलिस रॅम्सकडून खेळताना २४८ यार्ड काढले होते. नायनर्सचा क्वार्टरबॅक जिमी गारोपोलो याने या सामन्यात अवघ्या आठ फेकी केल्या. अलीकडच्या फेकीप्रधान काळात एवढ्या महत्त्वाच्या सामन्यात हे जवळपास अशक्य मानले गेले असते. एनएफएलमधील पहिल्या चार हंगामांत मिळून ज्याच्या हाती चेंडू ४१ वेळा आला होता, त्याच्या हाती तो त्या एका सायंकाळी २९ वेळा आला.

दोन आठवड्यांनी, २ फेब्रुवारी रोजी, मायामीजवळच्या हार्ड रॉक स्टेडियमवर सुपर बोलमध्ये गाठ पडली ती कॅन्सस सिटी चीफ्सशी. तिसऱ्या टप्प्यात मोस्टर्टच्या टचडाउनमुळे नायनर्सची आघाडी २०-१० अशी झाली. अखेरच्या टप्प्यात चीफ्सने २१ गुण मिळवून ३१-२० असा विजय खेचला. मोस्टर्टने १२ धावांत ५८ यार्ड काढले होते.

विक्रमानंतरची किंमत

या यशानंतर मोस्टर्टने करारात सुधारणा मागितली. विशेष पथकातील खेळाडू म्हणून झालेला करार मुख्य रनिंग बॅकला लागू राहावा, हे त्याला मान्य नव्हते. आपल्याच संघातील कोलमनच्या बरोबरीचे मानधन मिळावे, अशी त्याची अपेक्षा असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. अनेक महिने तोडगा निघाला नाही, तेव्हा जुलै २०२० मध्ये त्याच्या प्रतिनिधीने त्याला दुसऱ्या संघात पाठवण्याची जाहीर मागणी केली. महिनाअखेर समझोता झाला. त्यात वाढ होती. पण तीही बऱ्याच अंशी कामगिरीच्या अटींशी बांधलेली होती. इतिहासात नोंद झालेला सामना जमेस धरूनही त्याला पुन्हा सिद्ध करून दाखवायचे होते.

त्याने तेही दाखवले. सप्टेंबर २०२० मध्ये जेट्सविरुद्ध पहिल्याच चालीवर ८० यार्ड धावून त्याने टचडाउन केला. त्या धावेत त्याचा वेग ताशी २३.०९ मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर नोंदला गेला. त्या हंगामात चेंडू हाती असलेल्या कोणत्याही खेळाडूचा हा सर्वाधिक वेग होता. ज्या जेट्सने चार वर्षांपूर्वी त्याला काही दिवसांत वाट दाखवली होती, त्यांच्याच मैदानावर हे घडले. त्याच सामन्यात गुडघा दुखावला, नंतर घोट्याने दगा दिला आणि हंगामातील निम्मेच सामने खेळता आले. २०२१ मध्ये तर पहिल्याच सामन्यात, केवळ दोन धावांनंतर, गुडघ्याच्या कूर्चेला इजा झाली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि वर्ष वाया गेले. तीस वर्षांच्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रनिंग बॅकला बाजारात किंमत नसते. नायनर्सबरोबरचा करार संपला आणि मोस्टर्ट पुन्हा मोकळा झाला.

मायामीचा दुसरा मुक्काम

२०२२ मध्ये मायामी डॉल्फिन्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून माइक मॅकडॅनियल आले. शानाहान यांच्या हाताखाली नायनर्सची धावण्याची व्यूहरचना सांभाळणारे ते हेच. त्यांनी मोस्टर्टला एका वर्षाच्या करारावर बोलावून घेतले. २०१५ मध्ये काही आठवड्यांत ज्या संघाने त्याला सोडले होते, त्याच संघात आणि ज्या मैदानावर सुपर बोल हुकला, त्याच मैदानावर तो परतला. पहिल्या वर्षी त्याने ८९१ यार्ड काढले. मार्च २०२३ मध्ये त्याला दोन वर्षांसाठी ५६ लाख डॉलरचा करार मिळाला.

२०२३ चा हंगाम हा त्याच्या कारकीर्दीचा कळस ठरला. २४ सप्टेंबरला डॉल्फिन्सने डेन्व्हर ब्रॉन्कोजचा ७०-२० असा धुव्वा उडवला, त्यात मोस्टर्ट आणि नवोदित डेव्हॉन एचेन या दोघांनी प्रत्येकी चार टचडाउन केले. १९६६ नंतर नियमित हंगामातील सामन्यात सत्तर गुण करणारा डॉल्फिन्स हा पहिला संघ. हंगामाअखेर मोस्टर्टने १,०१२ यार्ड काढले. हजाराचा टप्पा त्याने प्रथमच ओलांडला आणि तोही एकतिसाव्या वर्षी, म्हणजे बहुतेक रनिंग बॅक निवृत्त झालेले असतात त्या वयात. धावून केलेले त्याचे १८ टचडाउन हे लीगमध्ये सर्वाधिक होते. झेल घेऊन केलेल्या तीन टचडाउनसह एकूण संख्या २१ झाली आणि डॉल्फिन्सच्या इतिहासातील एका हंगामाचा तो विक्रम ठरला. प्रथमच त्याची प्रो बोलसाठी निवड झाली.

२१ टचडाउन त्या हंगामात आणखी एकानेच केले होते. नायनर्सच्या ख्रिश्चन मॅकॅफ्रीने. मॅकॅफ्री २०१७ च्या निवडीत पहिल्या फेरीत आठवा होता आणि त्याचा २०२० मधील वाढीव करार चार वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख डॉलरचा, म्हणजे वर्षाला सरासरी १ कोटी ६० लाख डॉलरचा होता. मोस्टर्टची वार्षिक सरासरी २८ लाख डॉलर. मॅकॅफ्रीने त्या वर्षी धावून सर्वाधिक यार्ड काढले होते आणि झेल घेण्यातही तो सरस होता, हे खरे. त्याच्या श्रेष्ठत्वाबद्दल वाद नाही. पण दोघांच्या कामगिरीतील अंतर पावणेसहा पटींचे होते, असे कोणी म्हणणार नाही. तेवढे अंतर पडले, ते दोघांनी जेथून सुरुवात केली त्या जागांमुळे.

मार्च २०२४ मध्ये डॉल्फिन्सने करार २०२५ पर्यंत वाढवला. मात्र, पुढच्या हंगामात दुखापती पुन्हा आड आल्या, एचेन पुढे सरसावला आणि मोस्टर्टच्या वाट्याला २७८ यार्ड व दोन टचडाउन आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये, वाढवलेला करार पूर्ण होण्यापूर्वीच, डॉल्फिन्सने त्याला मुक्त केले. २१ टचडाउनचा विक्रम आणि हा निरोप यांत जेमतेम तेरा महिन्यांचे अंतर होते. मार्चमध्ये लास व्हेगास रेडर्सने त्याला एका वर्षासाठी घेतले. पुढच्याच महिन्यात रेडर्सने खेळाडूंच्या निवडीत सहाव्या क्रमांकावर अॅश्टन जेन्टी या तरुण रनिंग बॅकला पसंती दिली. मोस्टर्टसमोर पुन्हा तीच रांग होती; आधी ज्याच्यावर पैसा लागला तो पुढे, बाकीचे मागे.

मूल्यमापन

२०२४ अखेर मोस्टर्टच्या नावावर ३,७९१ यार्ड जमा होते. महान रनिंग बॅकच्या पंक्तीत बसण्यास ही संख्या अपुरी आहे. मात्र, त्यासाठी त्याला संधी मिळाल्या होत्या ७५९. दर धावेमागे सरासरी पाच यार्ड पडतात. लीगची सर्वसाधारण सरासरी सव्वाचार ते साडेचार यार्डांच्या घरात असते. म्हणजे चेंडू हाती आला तेव्हा त्याने काम चोख केले. चेंडू हाती येण्यासच उशीर झाला. उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी. पहिली चार वर्षे तो फारसा धावला नाही, म्हणूनच एकतिसाव्या वर्षी त्याचे पाय शाबूत राहिले, असेही म्हणता येते. ज्यांना पहिल्या दिवसापासून वर्षाला तीनशे वेळा भिंतीवर आदळावे लागले, त्यांतील अनेक जण या वयापर्यंत पोहोचले नाहीत.

एनएफएलमध्ये दर वर्षी शेकडो खेळाडू वगळले जातात. त्यांतील फार थोड्यांना सातवा संघ भेटतो, त्याहून थोड्यांना आपल्या पद्धतीला साजेसा प्रशिक्षक भेटतो. मोस्टर्टला दोन्ही भेटले. या कथेत जिद्दीचा वाटा मोठा आहेच. पण मॅकिननचा गुडघा, कोलमनचा खांदा आणि नायनर्सच्या सराव पथकात नेमकी रिकामी झालेली जागा यांचाही वाटा आहे. तितकेच वेगवान आणि तितकेच जिद्दी असे आणखी किती जण सहाव्या संघानंतर घरी परतले असतील, याची नोंद कोणत्याही आकडेवारीत सापडत नाही.

कारकीर्दीवर दृष्टिक्षेप

जन्म : ९ एप्रिल १९९२, फ्लोरिडा
महाविद्यालयीन खेळ : पर्ड्यू विद्यापीठ, फुटबॉल व अॅथलेटिक्स
२०१५ : निवड नाही, ईगल्स, डॉल्फिन्स, रेव्हन्स, ब्राउन्स
२०१६ : ब्राउन्स, जेट्स, बेअर्स, फोर्टी नायनर्स
२०१७ ते २०२१ : फोर्टी नायनर्स
जानेवारी २०२० : पॅकर्सविरुद्ध २२० यार्ड, चार टचडाउन
२०२२ ते २०२४ : डॉल्फिन्स
२०२३ : १,०१२ यार्ड, एकूण २१ टचडाउन, प्रो बोलसाठी निवड
मार्च २०२५ : लास व्हेगास रेडर्सशी करार